मदत हवी आहे : न्यू ऑर्डरच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज'ची नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी?

नमस्कार.

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडचा 'पॉवर, करप्शन अँड लाइज' हा १९८३ सालचा अल्बम आजवर मी स्ट्रीमिंगवरच ऐकत आलो आहे. आता तो सीडीच्या किंवा एलपीच्या रूपात कायमचा संग्रही असावा असे वाटते, पण घ्यायला गेल्यावर आवृत्त्यांचा पसारा पाहून गोंधळायला होते. फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीची १९८३ ची मूळ एलपी, ऐंशीच्या दशकातली सीडी, फॅक्टरी १९९२ मध्ये बुडाल्यानंतर लंडन रेकॉर्ड्सने १९९३ मध्ये काढलेली सीडी, २००८ ची दोन सीडींची 'कलेक्टर्स एडिशन' आणि २०२० चा 'डेफिनिटिव्ह एडिशन' हा भरभक्कम बॉक्स सेट, एवढ्या आवृत्त्या तर ठळकपणे समोर येतात. यांपैकी निदान दोन ज्यांनी शेजारी ठेवून ऐकल्या आहेत, त्यांचे मत मला हवे आहे.

ध्वनीबद्दल एवढी काटेकोर चौकशी करण्याचे कारण या अल्बमच्या घडणीतच आहे. गायक इयन कर्टिसच्या मृत्यूनंतर जॉय डिव्हिजन या बँडच्या उरलेल्या तिघांनी गिलियन गिल्बर्टला सोबत घेऊन जो 'मूव्हमेंट' (१९८१) काढला, त्यावर निर्माता मार्टिन हॅनेटची आणि जुन्या बँडची सावली स्पष्ट आहे. पुढच्या खेपेस बँडने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यामुळे इथे पोस्ट-पंक या रॉक शैलीची हाताने वाजवलेली वाद्ये आणि सिक्वेन्सरवर (सूर ठरवून आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर) बांधलेले सिंथ (सिंथेसायझर) एकमेकांना जागा करून देत वाजतात. 'एज ऑफ कन्सेन्ट'च्या आरंभी पीटर हुकचा बेस वरच्या स्वरांत जवळजवळ गिटारसारखा धावतो, त्याला स्टीफन मॉरिसचे ड्रम येऊन मिळतात, बर्नर्ड समनरची खरखरीत गिटार त्यावर चढते, आणि सिंथचे सूर या सगळ्याच्या मागे पसरतात. रीमास्टर करताना, म्हणजे जुन्या मुद्रणाचा ध्वनी नव्या छपाईसाठी पुन्हा सिद्ध करताना, सगळ्याचाच आवाज सरसकट चढवला, तर हे पुढे-मागे असणे नाहीसे होते. '५ ८ ६' मध्ये तर सुरुवातीचा संथ भाग संपून वेगवान ठेका सुरू होतो, त्या क्षणाची सारी ताकद आधीचा भाग किती हळू आवाजात आहे यावर अवलंबून आहे.

२००८ च्या आवृत्तीबद्दल मला विशेष शंका आहे. त्या वेळी फॅक्टरीच्या काळातले पाचही अल्बम याच पद्धतीने पुन्हा निघाले आणि पहिल्या छपाईतल्या बोनस सीडींवर ध्वनीचे बरेच दोष निघाल्याने श्रोत्यांनी तक्रारी केल्या, त्यानंतर सुधारित छपाई आली, हे सर्वश्रुत आहे. वापरलेली प्रत विकत घेताना ती सुधारित छपाईची आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्या दुसऱ्या सीडीवर 'ब्लू मंडे', 'द बीच', 'कन्फ्यूजन', 'थीव्ज लाइक अस', 'लोनसम टुनाइट' आणि 'मर्डर' ही त्या काळात सिंगल्सवर वेगळी निघालेली गाणी एकत्र मिळतात, म्हणून तिचा मोह सुटत नाही.

२०२० च्या बॉक्समध्ये एलपी, दोन सीडी, दोन डीव्हीडी आणि जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आहे, मात्र 'ब्लू मंडे'चे मूळ सिंगल त्यात नाही, कारण त्या काळातली बारा इंची सिंगल्स स्वतंत्रपणे काढण्यात आली. मूळ ब्रिटिश एलपीवरही ते गाणे नव्हतेच, त्यामुळे तक्रार करता येत नाही. तरीही एवढे पैसे मोजून ते नसावे, हे मनाला रुचत नाही.

माझ्याकडे साधे टर्नटेबल, बऱ्यापैकी सीडी प्लेअर आणि लहान स्पीकर आहेत. सोसायटीत राहत असल्यामुळे बहुतेक ऐकणे हळू आवाजात किंवा हेडफोनवर होते. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो आणि दिवाळीत येणार आहे, तेव्हा वस्तू तिकडे घेऊन ठेवता येईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : मंद्रसप्तक

आपला प्रश्न केवळ ध्वनीचा असेल तर माझे उत्तर सरळ आहे : ऐंशीच्या दशकातली ब्रिटिश सीडी वापरलेल्या अवस्थेत घ्यावी. तिचा आवाज कमी वाटतो, पण तो दोष नव्हे, ऐकताना आपण बटण थोडे जास्त फिरवायचे एवढेच. रीमास्टरबद्दल इतकी परस्परविरोधी मते वाचायला मिळतात, कारण बहुतेक लोक दोन आवृत्त्यांच्या आवाजाची पातळी समान न करताच त्यांची तुलना करतात आणि जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला अधिक चांगली वाटते. आपण मित्राकडून दोन्ही सीडी मिळवून ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत 'एज ऑफ कन्सेन्ट' उघडून पाहा. आवाजाच्या आलेखात ड्रमच्या ठोक्यांची टोके मोकळी उभी आहेत की करवतीने कापल्यासारखी एका रेषेत आली आहेत, ते डोळ्यांनाच दिसेल. मग दोन्हींची सरासरी पातळी जुळवून घ्यावी आणि पडद्याकडे न पाहता ऐकावे. आपण हळू आवाजात ऐकता हे मात्र लक्षात घ्या, कारण हळू आवाजात दाबलेले (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी केलेले) रीमास्टर अनेकदा सोयीचे वाटते आणि त्यात गैर काहीच नाही.

२००८ ची प्रत घेताना विक्रेत्याकडून दुसऱ्या सीडीच्या चमकत्या बाजूचा, मधल्या छिद्राभोवतीच्या पट्टीवरील कोरीव क्रमांक वाचता येईल असा फोटो मागवावा आणि तो डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या आवृत्त्यांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळावरील नोंदींशी ताडून पाहावा. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. वेष्टनावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, कारण वापरलेल्या मालात सीडी आणि वेष्टन यांची अदलाबदल झालेली असू शकते.

'ब्लू मंडे'साठी अमेरिकन सीडी घेण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तिच्यावर ते गाणे '५ ८ ६'च्या लगेच नंतर येते आणि शेवटी 'द बीच' आहे. मला ती मांडणी मान्य नाही. १९८२ साली बँडने केलेल्या 'व्हिडिओ ५ ८ ६' या वीस मिनिटांहून मोठ्या रचनेत या दोन्ही गाण्यांच्या खुणा ऐकू येतात, इतकी ती जवळची भावंडे आहेत, आणि पाठोपाठ वाजली की एकमेकांचा प्रभाव कमी करतात. एलपीवर '५ ८ ६' ला पहिली बाजू संपते, तबकडी उलटावी लागते, आणि मग 'युवर सायलेंट फेस'चा सिंथ व मेलोडिका (फुंकून वाजवायचे पट्ट्यांचे वाद्य) ताज्या कानांवर पडतात. ही उसंत अल्बमला आवश्यक आहे.

प्रतिसाद : कॅसेटवाली

मंद्रसप्तक यांच्याशी ध्वनीबाबत मी सहमत आहे, पण हा अल्बम केवळ सीडीवर ठेवणे मला अपुरे वाटते. मुखपृष्ठाचा रचनाकार पीटर सॅव्हिल याने त्यावर बँडचे नाव छापले नाही, अल्बमचेही नाही. तिथे आहेत ती लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या आंरी फांतां-लातूरच्या १८९० च्या चित्रातली गुलाबाची फुले, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत चौकोनांची छोटीशी रांग. मागच्या बाजूच्या रंगचक्रावरून ते चौकोन उलगडले की फॅक्टरीचा अल्बमला दिलेला क्रमांक, फॅक्ट ७५, मिळतो. हे सारे बारा इंची आकारातच नीट पाहता येते. २०१० मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याने हे मुखपृष्ठ तिकिटावर छापले खरे, पण तिथे ते चौकोन भिंगाखालीच धरावे लागतात.

बॉक्सबद्दल एकच विचारते : आपल्याकडे चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेअर आहे का? बॉक्सच्या किमतीचा मोठा भाग चित्रफिती आणि पुस्तक यांचा आहे. दुसऱ्या सीडीवरची जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी १९८२ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे आणि गाणी आकार घेत असतानाचे कच्चे खर्डे मी आवडीने ऐकते, परंतु ते वारंवार ऐकले जातील असे नाही. २०२० चे रीमास्टर स्ट्रीमिंगवर उपलब्ध आहे, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी ते आपल्या हेडफोनवर ऐकून घ्यावे.

मूळ ब्रिटिश एलपी तिकडच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानांत अजून मिळते. मावसभावाला सांगावे की दोन्ही बाजूंची शेवटची गाणी दुकानातच ऐकून पाहावीत, कारण घासलेल्या सुईने झालेली झीज आतल्या खोबणीत सर्वांत आधी कळते. प्रवासात तबकडी आवरणाबाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी, म्हणजे तिच्या कडेने आवरणाची शिवण फाटत नाही. चेक-इनच्या सामानात ती देऊ नये.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. डीव्हीडी प्लेअर बंद पडून बरीच वर्षे झाली, त्यामुळे बॉक्सचा विचार सोडतो. ऐंशीच्या दशकातली ब्रिटिश सीडी आणि चांगल्या अवस्थेतली जुनी एलपी, असे दोन्ही शोधायला मावसभावाला कळवले आहे, आणि 'ब्लू मंडे' बारा इंची सिंगलवरच घेईन. २००८ ची सुधारित दुसरी सीडी कोणाकडे असल्यास तिच्या कोरीव क्रमांकाचा फोटो इथे द्यावा, म्हणजे पुढे शोधणाऱ्यालाही ताडून पाहता येईल.