काष्टा उचला, नुसता मोर नको

जुने नमुने नव्या कपड्यांत आणणं म्हणजे निव्वळ नक्कल, हे मत बरेचदा ऐकू येतं, पण मला ते अर्धंच पटलं. पैठणीचा मोर पॉलिएस्टरवर छापला तर नक्कलच ती. खऱ्या पैठणीत नक्षी विणतानाच घडते, पदर उलटा केला तरी जवळपास तसाच दिसतो. छपाईत ते सगळं गेलं, उरला नुसता मोर.

पण शिवलेली नऊवारी घ्या. मूळच्या, न शिवलेल्या नऊवारीत 9 वार, म्हणजे 8 मीटरहून जास्त कापड, एकही टाका न घालता काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे ठेवतं. शिंप्याने नेमकं तेच उचललं. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत ती नेसून (की घालून?) मुली बुलेट चालवतात. आई नाक मुरडते, मुरडू दे.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईकरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, वेगवेगळ्या समाजांच्या वेशांतल्या. फॅशन शिकणाऱ्यांनी वही घेऊन एक दुपार तिथे काढावी. नक्षी नंतर, आधी कापड अंगावर कसं बसवलंय ते बघा.