पोटरीला आकार द्यायचाच नसेल, तर गुडघ्यापर्यंतचे मोजे विणता कशाला?

फोंडेकरीण: काल इथे कुणीतरी ठासून लिहिलंय, "पोटरीला घरं (सुईवरचे टाके) कमी-जास्त करायची कटकट नको. दोन सुलट दोन उलट, म्हणजे रिब घाला, सरळ नळी विणा, पायावर ताणून बसते. मोठ्यांनाही हीच नळी चालते." त्यावर सगळ्यांची वाहवा. नव्या मुली हेच खरं धरून चालतील म्हणून सविस्तर लिहिते.

ताणून बसते, पण कशी? पोटरीवर उलट घरांच्या खाचा उघड्या पडतात, आतली कातडी दिसते आणि घोट्याशी तीच नळी चुण्या पाडते. हिशेब करा. 10 सेंमीत 30 घरं, पोटरी 38 सेंमी, घोटा 22. मोजा पायापेक्षा दहा टक्के तंग हवा, म्हणजे पोटरीला 102 घरं, घोट्याला 60. मधली 42 घरं कुठे जिरवणार? मागे मधोमध एक घर धरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक घर कमी करत जा. दोन्हीकडचा झुकाव एकमेकांच्या उलट ठेवा. असं 21 वेळा. पोटरीचा फुगवटा संपला की लवकर लवकर, घोट्याकडे सावकाश. मागून सरळ रेघ उतरते, फार देखणी दिसते.

आणखी एक. गुडघ्याखाली पाय परत बारीक होतो. वरची पट्टी तिथे तंग बसली तरच मोजा पोटरीवर अडून राहतो. पट्टी पोटरीइतकीच रुंद ठेवलीत तर तो चालताना उतरणारच.

म्हापशाची सुई: काकी, ते मीच लिहिलंय. मी हॉकी खेळणाऱ्या पुतण्यासाठी विणते. वाढत्या पोराची पोटरी वर्षात बदलते, तुमची 102 घरं पुढच्या जूनला कुणाच्या पायात घालू? रिब त्याच्याबरोबर वाढते. आणि तो कधीही म्हणाला नाही की मोजे उतरतात.

डिचोलीकर: घरं मोजायचीच कशाला? वर 2.75 मिमीची सुई, घोट्याकडे 2.25 ची. घरं तेवढीच, नळी आपोआप निमुळती.

फोंडेकरीण: दादा, सुई बदलून दोन-तीन सेंमी मिळतील, 42 घरांचे चौदा नाही. खाली विण पुठ्ठ्यासारखी कडक होते ती वेगळीच.

सत्तरीचा: मला कळत नाही, गोव्यात लोकरीचे मोजे घालतं कोण? चतुर्थीच्या दिवसांत कपडे दोन दिवस वाळत नाहीत. सुती विणा आणि मोकळे व्हा.

मडगावची मावशी: सुती! सुताला स्वतःची उसळी नसते, एकदा ताणलं की ताणलेलंच राहतं. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा असतो, म्हणून ती परत आवळते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. माझी भाची इंग्लंडात स्विंडनला असते, सुती मोजे पाठवले तर थंडीत बिचारी काय करणार? आणि आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे गळ्यात मारतात, ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक. टोक जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. लेबल वाचून पैसे देऊ नका.

सत्तरीचा: मावशी, तुमची भाची तिकडे. आम्ही इकडे घामात. माझी आई सुताचे विणायची, वर इलॅस्टिकचा दोरा ओवून. बाबांनी ते घालून शेतात कामं केली. तेव्हा कुणी राख चुरून बघितली नव्हती.

मडगावची मावशी: म्हणजे आवळण्याचं काम इलॅस्टिकनेच केलं ना? मग मी वेगळं काय सांगतेय?

म्हापशाची सुई: तुम्ही दोघं वेगळी चर्चा काढा, इथे पोटरीचं चाललंय. काकी, वरची पट्टी तंग हवी, एवढं मान्य. माझ्या मोठ्या जावेचे मोजे उतरतात, ते त्याचमुळे असणार. पण मुलांसाठी मी रिब सोडणार नाही.

फोंडेकरीण: मुलांसाठी खुशाल विणा. फक्त "मोठ्यांनाही हीच नळी चालते" हे वाक्य तेवढं खोडा.

म्हापशाची सुई: "बारीक पोटरीवाल्यांना चालते" असं करते. पूर्ण खोडणार नाही.

मडगावची मावशी: लोकर-नायलॉनची ऑर्डर बाहेरून एकत्र मागवू या का? पोटरी भरलेली असेल तर 100 ग्रॅममध्ये जोडी होत नाही, दीडशे धरा. सत्तरीवाल्यांनाही विचारतेय.

सत्तरीचा: आईसाठी एक जोडी. गुडघे दुखतात तिचे. राखेचं मात्र मी स्वतः बघेन.