'सॅप्ड'ला मराठीत काय म्हणायचं? (संदर्भ : बुखारा, १२२०)

अर्धविराम
दिवाळी अंकासाठी मंगोल स्वाऱ्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. गाडी एका वाक्यावर अडली आहे.

प्रसंग असा. १२१८ मध्ये मध्य आशियातल्या ख्वारज्मच्या शाहाच्या राज्यात, ओत्रार शहराच्या सुभेदाराने चंगीझखानाचा व्यापारी तांडा कापून काढला. पुढच्या वर्षी खान त्या शाहावर चालून गेला आणि १२२० च्या फेब्रुवारीत त्याचं बुखारा शहर पडलं. तिथून जीव घेऊन खुरासानात पोचलेल्या एकाला लोकांनी विचारलं, काय झालं रे बाबा? त्याने सहा क्रियापदांत उत्तर दिलं, ते जुवैनी या फारसी इतिहासकाराने आपल्या इतिहासात टिपून ठेवलंय. इंग्रजीत दुसरं क्रियापद 'सॅप्ड' आहे. मी लिहिलं : 'ते आले, त्यांनी शोषलं, जाळलं, मारलं, लुटलं आणि गेले.' संपादकांचा फोन : "मंगोल म्हणजे काय जळवा होत्या का हो?"

शोषलं चुकलं, कबूल. मग काय लिहू?

निवृत्त ओव्हरसियर
ताई, सॅप म्हणजे तटाखाली खणत जाणे. खडकीला बॉम्बे सॅपर्स आहेत ना, त्या सॅपरमधला सॅप. आमच्या वाड्यात तिथले एक सुभेदार राहायचे. अंगणात आळं करायचं असलं तरी आधी दोरी लावून आखणी. 'सुरुंग लावले' लिहा, विषय संपला.

रानजाई
नाही संपला. मूळ फारसी असं आहे : आमदंद ओ कंदंद ओ सोख्तंद ओ कुश्तंद ओ बुर्दंद ओ रफ्तंद. 'कंदन' म्हणजे खणणे, उपटणे. आपला खंदक त्याच घराण्यातला. सुरुंग म्हटला की मराठी वाचकाला बारूद ठासलेला दिसतो. शिवाय बुखारा शहराने दरवाजे आपण होऊन उघडले होते. झुंज दिली ती आतल्या बालेकिल्ल्याने, आणि त्याचा खंदक बुजवायला बुखाऱ्याच्याच लोकांना पुढे घातलं होतं. तेव्हा खणलं कमी, बुजवलं जास्त!

निवृत्त ओव्हरसियर
सुरुंगात बारूद नंतर आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरुंगा म्हणजे नुसतं भुयार.

भीमथडी
'खणत्या लावल्या' का नको? आमची आजी म्हणायची, पेंढारी आले की घराला खणत्या लावायचे. चुलीखाली, उंबऱ्याखाली, उखळाच्या बुडाशी. आमच्या जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यातली जमीन पायाखाली पोकळ वाजायची. तिथे खणती लागली होती म्हणे. लहानपणी आम्ही तिथे टाचा आपटत बसायचो.

रानजाई
भीमथडी, हे फार नेमकं बसतंय. जुवैनीच सांगतो की खानाने बुखाऱ्यातल्या धनिकांना समोर बोलावलं आणि बजावलं : जमिनीवर जे आहे त्याची यादी मला नको, जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगा. म्हणजे 'कंदंद'मध्ये पुरलेलं धन उकरणंही आलं. तट, घरं, परसं, सगळंच खणलं.

शुद्धमती
मला एक कळत नाही. मराठीत 'उत्खनन', 'उन्मूलन' असे सुंदर शब्द असताना यावनी शब्दांच्या मागे का लागायचं? आपण काय फारसीचे नोकर आहोत?

टिंबटिंब
'त्यांनी उन्मूलन केलं, दहन केलं, हनन केलं.' मंगोल नव्हे, पौरोहित्याला आलेले गुरुजी वाटतात. आणि 'सुंदर' शब्द इथे हवाय कुणाला? तो माणूस पळून आलाय, त्याला धाप लागलीय.

बाय द वे, कुश्तंद वरूनच आपली कुस्ती आली असणार.

रानजाई
नाही हो. कुस्ती म्हणजे मुळात कमरपट्टा, पारशी लोक कमरेला बांधतात ती कुस्ती. पट्टा धरून झुंजायचं म्हणून कुस्ती. मारण्याचं 'कुश' आहे ते खुदकुशीतलं.

टिंबटिंब
आमच्या तालमीत हे बोललात तर 'कुश्तंद'चं प्रात्यक्षिक मिळेल.

अर्धविराम
मंडळी, माझं वाक्य! अर्थापेक्षा मोठी अडचण आता लक्षात आली. फारसीत सहाही क्रियापदं 'अंद'वर आपटतात, एकामागून एक घाव. मराठीत 'आले' आणि 'गेले' कर्त्याबरोबर जातात, मधल्या चौघांना 'त्यांनी' लागतं आणि ती 'लं'वर संपतात. आले, खणलं, जाळलं, मारलं, नेलं, गेले. ठेका मोडतो.

भीमथडी
मोडू दे की. आले आणि गेले ही दोन दारं, मधे घर जळतंय.

शुद्धमती
ठेका तुम्ही लोकांनी मोडलाय. लेखी मराठी लिहा : आले, खणले, जाळले, मारले, नेले, गेले. सहाच्या सहा 'ले'. बोलीतले अनुस्वार छापायचा अट्टहास केला की असं होतं.

टिंबटिंब
च्यायला. हे पटलं. लिहून ठेवा तारीख.

निवृत्त ओव्हरसियर
पण 'मारले' वाचून चापट मारली की जीव घेतला ते कळत नाही. 'कापले' बघा.

अर्धविराम
बघते. पण बाकीचा सगळा लेख 'लं'मध्ये आहे. एकच वाक्य 'ले'त कसं ठेवू? पळून आलेला माणूस प्रमाणभाषा बोलेल का?

रानजाई
जुवैनीचाच शेरा आहे की फारसीत याहून आटोपशीर काही असूच शकत नाही, यावर ऐकणाऱ्या सगळ्यांचं एकमत झालं. म्हणजे त्याच्या तोंडी आधीच घडीव भाषा घातलेली दिसते. चालेल.

शुद्धमती, तुमचा 'नोकर' तेवढा राहिला. तो मूळचा फारसी नाही, मंगोल भाषेतला 'नोकोर'. फारसीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. मूळ अर्थ सोबती, जिवाला जीव देणारा. बोओर्चू, जेल्मे हे तेमुजिनचे, म्हणजे चंगीझखानाचेच, नोकोर होते, पगारी गडी नव्हेत.

शुद्धमती
म्हणजे आता 'चाकर' म्हणायचं?

रानजाई
चाकर तर तिकडचाच. सोग्दी सरदारांच्या पदरचे खासे शिपाई, त्यांना चाकर म्हणत. समरकंद-बुखाऱ्याच्या मुलखात, चंगीझखानाच्या कितीतरी आधी.

भीमथडी
आणि 'गडी'? आमच्याकडे गडी म्हणजे नवरापण.