अनुभव धागा : मन होत नसतानाही केलेली प्रीती

बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, ती हेवा करत नाही, अपकार स्मरत नाही. मनाला काय वाटते यापेक्षा माणूस कसा वागतो, याचेच हे वर्णन आहे. म्हणून विनंती अशी की, मन होत नसताना आपण ठरवून केलेली, किंवा कोणी आपल्यासाठी केलेली, एखादी लहानशी गोष्ट येथे लिहावी. मोठ्या सेवाकार्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे लहानच गोष्टी हव्या आहेत.

भायखळ्याहून

आमच्या चाळीत पाणी पहाटे 5 वाजता येते आणि पाऊण तासात जाते. सामाईक गॅलरीवरून शेजारच्या आजींशी आमचा चार वर्षे अबोला होता. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी वाकायला व वजन उचलायला मनाई केल्याचे भिंतीपलीकडून कानावर आले. मला कणव आली असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आदल्याच रविवारी उपासनेत, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोन्याचा दाखला वाचला गेला होता, आणि ‘माझा शेजारी कोण’ या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीपलीकडे आहे, एवढे मात्र मला टाळता येईना. दुसऱ्या दिवसापासून मी दोन हंडे भरून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवू लागले. पंधरा दिवस हंडे मुकाट्याने आत जात आणि रिकामे बाहेर येत. सोळाव्या दिवशी माझा पितळी हंडा चिंचेने लखलखीत घासून परत आला, तोही त्यांना वाकण्याची मनाई असताना. तो हातात घेऊन मी नळापाशी बराच वेळ उभी राहिले. आजही आम्ही फारशा बोलत नाही, पण सणाला ताट इकडून तिकडे जाते.

वसईहून

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारापासून, रविवार वगळता, चाळीस दिवस मी दरवर्षी मांसाहार सोडतो. गेल्या वर्षी त्याऐवजी चर्चगेटला मिळालेली बसण्याची जागा रोज अंधेरीला कोणाला तरी द्यायची असे ठरवले. मांसाहार सोडणे याहून पुष्कळ सोपे होते. थकलेल्या दिवशी अंधेरी येताच मी डोळे मिटून घेतले, असेही काही वेळा घडले, आणि ते मी फादरांपाशी कबूल केले.

दादरहून

मी परिचारिका आहे. फ्रान्समधील लिझ्यूच्या मठातील जोगीण संत तेरेझा 1897 साली अवघ्या 24 व्या वर्षी वारल्या. मठातील एक भगिनी त्यांना मुळीच आवडत नसे; तिच्याशी त्या इतक्या मायेने वागल्या की, ‘माझ्यात तुम्हांला एवढे काय आवडते,’ असे तिनेच त्यांना विचारले. माझ्या वॉर्डात पाळी बदलताना नेहमी उशिरा येणारी एक सहकारी आहे, आणि तिच्यामुळे माझी गाडी चुकते. सहा महिने झाले, तिच्यासाठी मी चहा झाकून ठेवते. भायखळ्याच्या ताईंना हंडा परत मिळाला, याचा मला मनापासून आनंद वाटला. माझ्या बाबतीत तसे काही घडलेले नाही. माया मागून येते म्हणतात, ती अजून आलेली नाही, तरी चहा ठेवणे मी थांबवलेले नाही.

परळहून

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. वडिलांना शिवडीच्या दफनभूमीत ठेवून आलो, त्या संध्याकाळी दाराशी चार कप्प्यांचा डबा होता. वर वरण-भात, खाली बटाट्याची भाजी. आठ दिवस तो कोणी तरी भरून ठेवत राहिले. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, हे वचन त्या व्यक्तीने अक्षरशः पाळले; चर्चच्या मंडळीत विचारले, कोणीही कबूल झाले नाही. शेवटच्या दिवशी डबा आमच्याकडेच राहिला. रिकामा परत करायचा नाही अशी आपली रीत, पण परत करायचा कोणाला? आता मंडळीत कोणाकडे मृत्यू झाला की आई त्याच डब्यात जेवण भरते आणि मी तो दाराशी ठेवून येतो. गेल्या महिन्यात तो नागपाड्याला गेला. अजून परत आलेला नाही, आणि आईने त्याची चौकशी करू दिलेली नाही.