प्रति: सिमपेग आधी की पायजिमली?
दोन्ही जमिनीखालच्या मोजमापांचा अर्थ लावणाऱ्या पायथन लायब्ररी (SimPEG, pyGIMLi). रेझिस्टिव्हिटी सर्व्हेपुरतंच (जमीन विजेला किती रोध करते ते मोजणं) काम असेल तर पायजिमली घ्या, सिमपेग नंतर. पायजिमलीचा गाभा सी++मध्ये आहे, त्यामुळे विंडोजवर कोंडाचं (Conda, पॅकेजेस बसवायचं साधन) वेगळं एन्व्हायर्न्मेंट करूनच इन्स्टॉल करा.

पण लगेच स्वतःचा डेटा भरू नका. आधी कम्प्युटरवर खोटी जमीन रचा: वर जांभ्याचा कोरडा, जास्त रोधाचा थर, खाली ओली चिकणमाती. तिच्यावरून रीडिंग काढा, ३ टक्के नॉइज (मोजमापातली यादृच्छिक चूक) मिसळा, मग इन्व्हर्जन (रीडिंगवरून जमिनीचे थर शोधणारं गणित) चालवून थर परत सापडतात का बघा. सीमा पुसट दिसतील. इन्व्हर्जनमधल्या स्मूदिंगमुळे (शेजारचे आकडे एकमेकांजवळ आणण्यामुळे) तसंच होतं.

खाजनाजवळ (खाडीकाठची खारी जमीन) मात्र सांभाळून. खारं पाणी आणि ओली चिकणमाती दोन्ही कमी रोधाची, चित्रात सारखीच निळी. तिथे पाणी खारं आहे का ते कळायला जवळच्या विहिरीच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) मोजाच.