व्रण राहतोच, आणि मांडीही दुखते
प्लास्टिक सर्जरी केली की व्रण राहतच नाही, हे इथे कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. त्वचा खोलवर कापली की व्रण उरतोच. सर्जन तो बारीक ठेवतो, सुरकुतीच्या रेषेत लपवतो. तो फिका पडायला वर्षभरही लागतं.

त्वचारोपणाबद्दल, म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागची त्वचा काढून जखमेवर लावण्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही. मांडीवरून काढलेल्या पातळ त्वचेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगते, मग रक्तवाहिन्या जोडल्या जातात. तेवढ्यात ती सरकली किंवा खाली रक्त साठलं, तर गेलीच. म्हणून ते घट्ट बँडेज कितीही खाजलं तरी सैल करायचं नाही. माझ्या मावशीची भाजलेल्या हातापेक्षा त्वचा काढलेली मांडीच जास्त दुखायची. असं होतं हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, बिचारी फार घाबरली होती.