स्विच २ झकास, पण गेमला ऐंशी डॉलर?

दुसरा_प्लेयर
निन्टेन्डोचा स्विच २ हा गेम कन्सोल जून २०२५ मध्ये आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर खपला. गणपतीला अमेरिकेतून आलेल्या चुलतभावाने एक आणला, तेव्हापासून आमच्याकडे टीव्हीवर मालिका लागलेली नाही. म्हटलं आपलं मत लिहावं.

आधी मशीन. ७.९ इंची स्क्रीन. पहिल्या स्विचवर बारीक अक्षरं वाचायला डोळे बारीक करावे लागायचे, ते संपलं. मात्र पहिल्या स्विचचं ओलेड मॉडेल वापरलेल्यांना इथला काळा रंग राखाडी दिसेल, आणि गाडी झपकन वळली की मागे पुसट सावली रेंगाळते. जॉयकॉन, म्हणजे दोन्ही बाजूंचे कंट्रोलर, आता चुंबकाने खट्‌कन बसतात, सोडवताना मागची कळ दाबायची. उभा धरून टेबलावर फिरवला की त्याचा माउस होतो. झेल्डाचा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ जुन्या मशीनवर सेकंदाला ३० फ्रेमसुद्धा धापा टाकत गाठायचा, इथे ६० वर पळतो. (अपग्रेडचे १० डॉलर वेगळे, हे ओघाने आलंच.) बॅटरीचं मात्र बोलू नका. कंपनीच २ ते साडेसहा तास सांगते. दादरला गाडीत बसून मारिओ कार्ट सुरू केलं, तर शिवाजीनगर यायच्या आत चार्जर शोधायचा.

आता खरं दुखणं. कन्सोल आला तेव्हा ४५० डॉलर. २०१७ चा पहिला ३०० ला होता, तरी हे एक वेळ पचवलं. पण ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलर? आपले पावणेसात-सात हजार! त्यात बाहेरच्या कंपन्यांचे बरेच गेम ‘गेम-की कार्ड’वर येतात, म्हणजे डबी आहे, कार्ड आहे, पण कार्डात गेमच नाही. कार्ड ही नुसती किल्ली, गेम नेटवरून उतरवायचा आणि मशीनच्या २५६ जीबीत कोंबायचा. मशीनची ओळख करून देणारा ‘वेलकम टूर’, त्यालाही १० डॉलर! भाव वाढवा, पण मग हातात काहीतरी ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

हिशेबी_हणमंत
मशीनबद्दल सहमत, किमतीबद्दल अजिबात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डो ६४ चे गेम ६० डॉलरला होते. महागाई धरली तर आजचे १२० च्या आसपास. म्हणजे गेम उलट स्वस्तच झालेत. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ २०१७ ला ६० डॉलरला घेतलेले लोक तो आजही खेळतायत. तासाचा खर्च काढून बघा की राव.

कॅसेटफुंक्या
आला तासाचा हिशेब! या न्यायाने पत्त्यांचा कॅट लाखाला विकायला हवा.

हणमंतराव, तेव्हा प्रत्येक कार्ट्रिजमध्ये मेमरीची चिप असायची आणि ती महाग होती. आज डाउनलोडची एक जास्तीची प्रत विकायला कंपनीला जवळपास काहीच लागत नाही. बाजारही तेवढाच राहिलेला नाही. पहिला स्विच १५ कोटींच्या वर गेला, मारिओ कार्ट ८ डिलक्सच्या ६ कोटी ८० लाखांच्या वर प्रती खपल्या. खपाचं सोडून नुसती महागाई मोजायची, हा कुठला हिशेब?

आणि १९९६ ला ६० डॉलर देत होतं कोण? आपण तर सामुराई नाहीतर लिटल मास्टरवर ‘९९९९ इन १’ची कॅसेट फुंकून लावत होतो. अमेरिकेतल्या महागाईचा तक्ता पुण्याच्या तापकीर गल्लीत चालत नाही.

एडिसनची_आत्या
इकडची, अमेरिकेतली बाजू सांगते. २ एप्रिल २०२५ ला निन्टेन्डोने किंमत जाहीर केली आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी टॅरिफ. ९ तारखेचं बुकिंग थांबवलं, ते २४ ला सुरू केलं. कन्सोल तेव्हा ४५० लाच राहिला, पण प्रो कंट्रोलर ८० चा ८५ झाला. त्यानंतर ऑगस्टमध्ये आठ वर्षांचा जुना स्विचसुद्धा ३०० वरून ३४० ला नेला. आमच्या वेळी कन्सोल जुना झाला की उतरायचा, आता चढतो.

पण ८० डॉलर मी भरलेच नाहीत. कन्सोल आणि मारिओ कार्ट मिळून ५०० चं बंडल होतं, म्हणजे गेम ५० ला पडला. मला तर वाटतं, ८० हा आकडा गिऱ्हाइकाला बंडलकडे ढकलण्यासाठीच लावलाय. कन्सोलनंतर पुढच्याच महिन्यात, जुलैत आलेला ‘डॉन्की काँग बनान्झा’ बघा, ७० डॉलर. सरसकट ८० नाहीयेत.

हिशेबी_हणमंत
हेच म्हणत होतो. धन्यवाद, आत्या.

ओसाका_ते_ओतूर
थांबा, इथली गंमत ऐका. जपानमध्ये हाच कन्सोल २०२५ ला ४९,९८० येनला आला, म्हणजे ३५० डॉलरच्या आतबाहेर. अट अशी की तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि खातंही जपानचंच लागतं. सगळ्या भाषांचा हवा असेल तर ६९,९८० येन. मारिओ कार्ट वर्ल्ड इथे डाउनलोडला ८,९८० येन, म्हणजे साधारण ६० डॉलर. तोच गेम, तेच ट्रॅक, तीच गाय. (हो, यात गाय गाडी चालवते.)

पूर्वी बाहेरचे लोक जपानी खातं काढून स्वस्तात डाउनलोड करायचे. २५ मार्चपासून परदेशी क्रेडिट कार्ड आणि पेपाल बंद केलं. किंमत जाहीर व्हायच्या आठवडाभर आधीच कुंपण घालून ठेवलं होतं, बघा.

तेव्हा महागाई, चिप, खर्च हे सगळं ठीक, पण घरच्या बाजारात येन पडलाय म्हणून भाव खाली ठेवलाय आणि अमेरिकेत लोक देतात म्हणून वर. युरोपात तर डबीतला गेम ९० युरो. खर्चावर किंमत ठरत असती तर एवढा फरक पडला नसता.

दुसरा_प्लेयर
लाख बोललात! आणि भारत त्यांच्या हिशेबातच नाही. अधिकृत विक्री नाही, भारताचं ई-शॉप नाही. मला एका दुकानदाराने चोपन्न हजार सांगितले, वर “वॉरंटी दुकानाची” असं म्हणून आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. उद्या जॉयकॉनची दांडी आपोआप सरकायला लागली तर जायचं कुठे? नव्या दांड्याही हॉल इफेक्टच्या नाहीत, हे निन्टेन्डोनेच सांगितलंय. सोनीने २०२१ ला पीएस५ निदान ४९,९९० च्या छापील किमतीत, बिलासकट आणला.

बॅकलॉगबहाद्दर
घेताच कशाला? मायक्रोसॉफ्टने ‘द आउटर वर्ल्ड्स २’ला ८० लावले, लोक बोंबलले, जुलैत गपगुमान ७० वर आले. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर’ ५० डॉलर. ‘सिल्कसाँग’ २० डॉलर, आणि तो आला त्या दिवशी स्टीमपासून निन्टेन्डोपर्यंत सगळी दुकानं कोलमडली. ८० वाल्याला ८० मागू द्या, आपण दुसरीकडे जायचं.

एडिसनची_आत्या
हे एकट्याला जमतं, बहाद्दर. घरात दहा वर्षांचा मुलगा असेल आणि वर्गातले सगळे मारिओ कार्टच बोलत असतील, तर त्याला सिल्कसाँग देऊन बघा. निन्टेन्डोला हे पक्कं ठाऊक आहे. त्यांचे गेम क्वचितच सेलला येतात ते उगाच नाही.

हिशेबी_हणमंत
की कार्डबद्दल एक दुरुस्ती. ते खात्याला बांधलेलं नसतं. कार्ड ज्याच्या हातात, गेम त्याचा. विकता येतं, मित्राला देता येतं. निव्वळ डाउनलोडपेक्षा केव्हाही बरं. धागाकर्त्याने ते फारच काळं रंगवलंय.

कॅसेटफुंक्या
विकता येतं, पण सर्व्हर चालू आहे तोवरच! निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ ला बंद झालं. घेतलेले गेम अजून उतरवता येतात, पण ते कायम चालेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. माझी वीस वर्षांपूर्वीची कार्ट्रिज आजही लावली की चालते, नेट नको, खातं नको. आणि जागा नाही ही सबबही नको. ‘सायबरपंक २०७७’सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या कार्डात अख्खा बसवलाच ना? मोठी कार्डं महाग पडतात म्हणून बाकीचे की कार्ड काढतात. म्हणजे खर्च त्यांचा वाचला आणि भाव आपल्याला वाढला.

नवखा_नाना
मध्येच विचारतो, माफ करा. मुलाच्या जुन्या स्विचमधलं मेमरी कार्ड यात चालेल का? २५६ जीबीचंच आहे.

ओसाका_ते_ओतूर
नाही चालणार, नाना. त्यातले फोटो-व्हिडिओ तेवढे नव्या मशीनवर उतरवता येतात. गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं आणि ते साध्या कार्डापेक्षा बरंच महाग आहे. की कार्डवाले गेम घेणार असाल तर ते आजच खर्चात धरा.

कॅसेटफुंक्या
हणमंतराव, हेही तासाच्या हिशेबात घ्यायचं का?

हिशेबी_हणमंत
ते महागच आहे, त्यावर वाद नाही. पण मारिओ कार्टला ते लागत नाही, ६० तास झाले.

कॅसेटफुंक्या
आणि पैसे कोणी भरले?

हिशेबी_हणमंत
सासऱ्यांनी. दिवाळसण.